परत मागितलेली भूक

दुपारी चार वाजता पद्माकररावांची भूक नेहमीप्रमाणे त्यांच्या बायकोला, इंदुमतीला लागली. दोघांच्या मनगटांवरचे पट्टे त्यांची भूक काढून तिच्याकडे पाठवत. लेकीला यकृताचा तुकडा द्यायचा, तर त्यांचं वजन आणखी तीन किलो उतरायला हवं होतं. आधीचे अकरा किलो असेच आपोआप उतरले होते.

इंदुमती पोळी वाढून घ्यायला वाकली, तेव्हा तिच्या ब्लाउजची उसवलेली शिवण त्यांना दिसली.

“अगं, माझी भूक मला परत दे.”

“नको. तुम्ही चकलीचा डबा रिकामा कराल. मृदुलाचं ऑपरेशन महिन्यावर आलंय!”

“संकष्टीला चंद्रोदयापर्यंत राहतोच ना मी उपाशी?”

“राहता, पण दहा वेळा गच्चीवर जाऊन चंद्र उगवला का बघून येता.”

“मग आता रोज जाईन. चार मजले चढून वजनही उतरेल.”

इंदुमतीला हसू आलं. तिने पट्टा काढून ठेवला.

सात महिन्यांत पहिल्यांदाच पद्माकररावांच्या पोटात कावळे ओरडले. त्यांनी चपला घातल्या आणि भर उन्हात ते चंद्र बघायला जिना चढू लागले.