व्रणाच्या तळापासून

मज्जातंतूच्या कडेला सात-आठ पेशी चिकटल्या होत्या, गुलाबी दोरीला जांभळी बुरशी लागावी तशा. देवयानीनं सूक्ष्मदर्शकाखालची काच जरा सरकवली. पुढेही तेच. मुख्य गाठीपासून सुटलेले पेशींचे बारके पुंजके स्नायूत शिरलेले.

"देवयानीदी, घरची स्लाइड घरच्यांनी बघायची नाही, हा इथला नियम तुम्हीच केलात," तिचा कनिष्ठ सहकारी सुमित मागून म्हणाला.

"बघत नाही. मोजतेय."

जिभेवरची गाठ काढून झाली होती. लहानच होती. प्रश्न मानेचा होता. आत्ताच मान उघडून लसिकाग्रंथी काढायच्या, की वाट बघायची? गाठ किती खोल गेली होती, यावर ते ठरायचं; चार मिलिमीटरच्या वर असेल तर थांबणं धोक्याचं. सर्जननी निर्णय नवरा-बायकोवर सोडला होता आणि देवयानी रोज "उद्या सांगते" म्हणत होती. हल्ली बोलायचीच कमी.

"तीन मिलिमीटर," ती म्हणाली. "थांबता येईल."

सुमितनं वाकून पाहिलं.

"व्रणाच्या तळापासून मोजलंत. वरचा भाग तर झडून गेलाय. शेजारच्या निरोगी अस्तराची रेघ पुढे ओढायची आणि तिथून मोजायचं. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

त्या रेघेपासून साडेपाच भरले. ते तिला ठाऊक होतं. तरी रोज ती तळापासूनच मोजत होती.

"विनायकदा बाहेर बसलेत," सुमित हळूच म्हणाला. "आज तरी ठरवा."

विनायक गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून रजा टाकून आला होता. महिन्याभरात शर्ट अंगावर लोंबू लागला होता. घरी रोज मऊ भात शिजे. त्याचेही दोन घास जेमतेम त्याच्या घशाखाली उतरत.

"साडेपाच आहे," देवयानी त्याच्याशेजारी बसत म्हणाली.

"काल तीन म्हणालीस. तुझ्यापेक्षा गरियाहाटचा मासेवाला बरा. तो निदान एकदाच माप मारतो."

ती हसली नाही.

"मानेत हाताला काही लागत नाही," तो म्हणाला. "मग उगाच कशाला चिरायचं? आणखी थोडं थांबू. मला नाही सोसायचं गं हे पुन्हा."

तिनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले. मग एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली,

"सर्जनना फोन लाव. उद्या मी अ‍ॅडमिट होतेय. मान माझी आहे, विनायक. उघडू दे त्यांना."