तोमासाबाईंचा मोले

"आजपण कडू," लाउरो ताटलीकडे बघत पुटपुटला. टॅक्सीवाला माणूस, हळू बोलायची सवय नाही. पण आज शेजारच्या आन्सेल्मो मास्तरांच्या कानापर्यंत पोचेल एवढंच बोलला.

"खा गुपचूप," मास्तर म्हणाले.

"खातोय ना. पण सरबताचा तिसरा पेला आहे हा. मोले घशाखाली उतरवायला सरबत लागतंय, म्हणजे बघा."

गुरुवार म्हणजे तोमासाबाईंच्या खानावळीत मोले. कोंबडीच्या तंगडीवर ओतलेला काळाभोर, दाट रस्सा. त्यात तीन जातींच्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, जरासं चॉकलेट आणि बाईंचे दोन दिवस. बायको गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मास्तर दुपारचे इथेच जेवत होते. मधे भाच्याने त्यांना कॅथेड्रलजवळच्या नव्या हॉटेलात नेलं. तिथे भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत मोलेचा एक ठिपका आला. मास्तरांनी वेटरला विचारलं, "हे काय, कोणी सांडलं का?" भाच्याने पुन्हा नेलं नाही.

ह्या मार्चपासून मात्र इथलंच काहीतरी बिघडलं होतं. मिरची तव्यावर एक श्वास जास्त राहिली की अख्खा मोले कडू होतो, हे ह्या पुएब्ला शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. सगळ्यांना कळत होतं, सगळे खात होते. मे महिन्यात कोण्या परगावच्या गिऱ्हाइकाने अर्धी ताटली तशीच टाकली, तेव्हा बाई हात पुसत बाहेर आल्या. "कडू लागतोय का हो?"

कोणी मान वर करेना. वेळ मारून न्यायला मास्तरच म्हणाले, "गिरणीचा दगड धुतला नसेल नीट."

मोलेचं वाटण दळून देणारा गिरणीवाला तिबुर्सिओ म्हणजे बाईंच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. तीस वर्षांचा घरोबा. दुसऱ्याच दिवशी बाई त्याला भर रांगेत घाणेरडा म्हणून आल्या आणि वाटण दुसरीकडे न्यायला लागल्या. मोले कडूच राहिला. सगळे मात्र म्हणाले, "आता कसा जमला!"

आणि येत्या रविवारी मोहल्ल्याच्या संताचा सण. तीनशे पानं. मोले बाईंचा.

बाईंची मुलगी यादिरा मक्याच्या गरम पोळ्यांची, तोर्तियांची टोपली घेऊन आली. "मास्तर, आई आत बोलावतेय. रविवारच्या मिरच्या भाजायला घेतल्यात. म्हणते, एवढ्या माणसांचं आहे, मास्तरांनी एकदा नजर टाकावी."

"तू टाकलीस?"

"मी वाढपी, मास्तर. मला काय कळतंय त्यातलं." तिने टोपली ठेवली आणि टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

"जा की," लाउरो म्हणाला. "खरं बोल, खरं बोल म्हणून छड्या खाल्ल्यात मी तुमच्या."

मास्तर उठले. आधी एक गुडघा उठला, मग दुसरा. वाटेतल्या टेबलांना सवयीने "सावकाश होऊ द्या" म्हणत ते आत गेले.

आत धूर. एका श्वासात घसा धरला. बाई तव्यापाशी उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि चेहरा शांत, तांदूळ निवडत बसल्यासारखा. तव्यावरच्या मिरच्यांच्या कडा राखेसारख्या झालेल्या. पायाशी दोन पोती अजून भरलेली.

"आलात? बघा बरं, झाल्या का?"

मास्तरांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"अहो! माझ्या तव्याला हात? नवऱ्याला लावू दिला नाही मी कधी."

"यंदाची मिरची..." मास्तरांनी सुरुवात केली. यंदाची मिरचीच कडू निघाली, हे वाक्य पाठ होतं, पण पुढे सरकेना. चाळीस वर्षं पोरं शिकवून जितके दमले नव्हते, तितके ते त्या तीन अक्षरी मिरचीपाशी दमले.

"काय यंदाची मिरची? बोला ना. आणि हे दळायला मी त्या तिबुर्सिओकडे नेणार नाही, आधीच सांगते. यादिराच्या लग्नालाही त्याला बोलवायचं नाही असं ठरवलंय मी."

मास्तर पोत्यांकडे बघत राहिले.

"तिबुर्सिओचा दगड स्वच्छ आहे, तोमासाबाई," ते म्हणाले. "पहिल्यापासून स्वच्छ होता."

बाईंनी चिमट्याने एक मिरची उचलली. नाकाशी नेली. बराच वेळ धरली. दारात यादिरा खरकट्या ताटल्या घेऊन उभी होती, ती तिथेच थबकली. बाईंनी मिरची तव्यावर परत ठेवली आणि मक्याच्या डब्यावर बसल्या.

"मार्चमध्ये ताप आला होता ना मला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून. कॉफीचा नाही, साबणाचा नाही. परवा दूध करपलं. मी शेजारी उभी."

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"मला वास येत नाही, आन्सेल्मो." एकोणीस वर्षांत मास्तर म्हटल्याशिवाय त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "चव नाही, काही नाही. आणि तुम्ही सगळे दर गुरुवारी ताटली पुसून खात होतात. मला वाटलं, नाक गेलं तरी हात जाणतोय."