निळ्या दिव्याखाली

“रिकामी,” गेजवरून नजर न काढता थंडोबा म्हणाला. “पार ठणठणाट. आठवडाही नाही टिकला गॅस.”

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

थंडोबा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा आणि कशाचीच घाई करायचा नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. गळती शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. या गाडीपुढे मात्र त्यानेही हात टेकले होते. पाइप बदलून झाले, कंडेन्सर बदलला, जोडांमधली सगळी रबरं नवी घातली. गॅस भरला की गाडीत हुडहुडी भरायची आणि चार दिवसांनी पुन्हा नुसता गरम वारा.

“मॅडमनी काल शेवटचं सांगितलंय, काका,” ड्रायव्हर म्हणाला. “पुन्हा घाम फुटला तर ऑफिसला दुसरी गाडी लावणार. घर या एका भाड्यावर चालतं.”

“भूतबीत बसत असेल मागे. त्याला सोसत नसेल थंडी,” थंडोबा हसला आणि लगेच जीभ चावली.

कारण ही गाडी आधी ड्रायव्हरच्या बाबांची होती आणि बाबा गाडीतच गेले होते. लांबचं भाडं सोडून पहाटे परतले. घरच्यांची झोपमोड नको म्हणून शेडचं शटर आतून ओढून घेतलं आणि एसी चालू ठेवून सीटवर आडवे झाले. इंजिनाचा धूर बंद शेडमध्ये साचत गेला. सकाळी कामावर निघताना मुलाने शेडच्या खिडकीतून त्यांना पाहिलं होतं. दमलेत, झोपू देत, असं म्हणून तो तसाच पुढे गेला. बाबा तेव्हा होते की नव्हते, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

आईने ते शटर उखडून टाकायला लावलं. गाडीही विकून टाक, म्हणून ती अजून मागे लागायची. मुलगा ऐकत नव्हता. स्टिअरिंग धरलं की बाबांचा हात हातात आल्यासारखं त्याला वाटे. सिग्नलला थांबल्यावर आरशात पाहायची मात्र धास्ती वाटायची. हल्ली तो सकाळी उठायचा तोच दमलेला असायचा.

थंडोबा बॉनेटमध्ये अर्धा वाकला होता.

“हे बघ पोरा. इथून गॅस भरतात. हे टोपण मी घट्ट बसवलं होतं, आता सैल आहे. आतली पिन दाबली की फुस्स. तुझी गाडी गळत नाहीये. कुणीतरी ती रिकामी करतंय.”

“शक्यच नाही. किल्ली माझ्या उशाखाली असते.”

“घरात आणखी कोण?”

“आई,” तो म्हणाला.

या खेपेला थंडोबाने गॅससोबत एक रंग भरला. साध्या उजेडात तो डोळ्यांत भरत नाही, निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. “पिन दाबणाऱ्याच्या बोटांवर हा उडणार. साबणाने कितीही घासलं तरी नखांच्या कडेला राहतोच,” तो म्हणाला. त्याने हातमोजे घातले होते. ड्रायव्हरला तर त्याने बाकावरून उठूच दिलं नाही. शेवटी टोपण बसवलं आणि आजूबाजूचं सगळं स्वच्छ पुसून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात एसीने पुन्हा मान टाकली. मॅडम भर रस्त्यात उतरल्या आणि दुसरी गाडी करून निघून गेल्या. ड्रायव्हर तडक थंडोबाला दिव्यासकट घरी घेऊन आला.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती.

“गाडीचा गॅस तू घालवतेस?”

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग थंडोबाच्या हातातल्या दिव्याकडे.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

“माझ्या पोटावर पाय देतेस? आई असून?”

“गाडी विकून टाक. मग नाही करणार.”

“आता विकावीच लागेल. काम गेलं आज.” आईचा त्याला संताप आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. “एवढा राग गाडीवर आहे, की माझ्यावर? मी बाबांना उठवलं नाही म्हणून?”

“तुझ्यावर कसला राग, राजा,” आई म्हणाली. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

थंडोबाला तिथे उभं राहणं जड जात होतं. तरी त्याने खिडकी लोटली आणि दिवा लावला. “वहिनी, जरा हात बघू.”

आईने हात पदराखाली घेतले. मुलाने ते ओढून काढले आणि दोन्ही मनगटं घट्ट धरून दिव्याखाली आणली.

सुरकुत्या दिसल्या. तव्याचा जुना चटका दिसला. हिरवं काहीच नव्हतं.

तिची मनगटं धरणारी बोटं मात्र नखांच्या कडेने हिरवी चमकत होती.

“मी हातसुद्धा लावला नव्हता,” तो म्हणाला. “काका, तुम्ही होतात ना तिथे. सांगा ना हिला.”

थंडोबाने दिवा खाली घेतला. आईने आपली मनगटं सोडवून घेतली आणि मुलाचेच हात हातात धरले.

“झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात, म्हणून मी नुसती मागे उभी राहते,” ती म्हणाली. “गॅस घालवतोस. मग गाडीच्या खिडकीशी वाकून काच ठोठावत राहतोस. म्हणतोस, ‘बाबा, उठा.’”