डब्यावरचे आबासाहेब

“हा राजा काल्पनिक आहे की खरा?” सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात वकील विभाने पद्मनाभच्या नव्या चहाच्या डब्यावरचं चित्र पाहत विचारलं.

“आमचे आजोबा, आबासाहेब! संस्थानिक होते,” पद्मनाभ ताठ बसून म्हणाला.

“मग ट्रेडमार्कला सगळ्या वारसांची संमती लागेल. तुम्ही एकटेच?”

“बहीण होती. जातीबाहेर लग्न केलं. आमच्यासाठी ती मेली.”

“कायद्यासाठी जिवंत आहे. फोन लावा.”

कित्येक वर्षांनी त्याने तिचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “करते सही, दादा. पण आबासाहेबांची नात म्हणून करीन.”

पद्मनाभ चित्राकडे बघत राहिला. मग फोन चालू असतानाच तो विभाला म्हणाला, “लिहा, राजा काल्पनिक आहे.”