शुक्रवारचे आकडे

आठव्या स्लाइडवर सुयशची जीभ अडखळली. शेवटच्या रांगेत नीराबाई बसली होती.

मुंबईहून आलेल्या परीक्षक अनुया मॅडमनीच आग्रह धरला होता, की समुद्रावरचं संशोधन आहे तर समुद्रावरची माणसंही ऐकायला हवीत. म्हणून सुयशला मार्गदर्शन करणाऱ्या दत्तात्रेय सरांनी नीराबाईसह थळ गावच्या चार-पाच कोळणींना बोलावणं धाडलं होतं. सेमिनार इंग्रजीत. त्या बिचाऱ्या पंख्याखाली पदर सावरून मुकाट बसल्या होत्या.

सुयश किहीमचा, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेला. एम.एस्सी.चा शेवटचा सेमिनार होता आणि विषय होता थळच्या चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले. लाकडी चौकट चिखलावर टाकायची, आतल्या तिसऱ्या मोजायच्या. वर्षभर, दर आठवड्याला. काम सोपं, पण गुडघाभर चिखलात उतरायला हवं. पहिला महिना तो उतरला. पाय कुठे रुततो, कुठे नाही, ते नीराबाईनेच दाखवलं. पाचव्या आठवड्यात शिंपल्याने तळवा फाटला आणि त्याबरोबर उत्साहही.

त्याने चौकट नीराबाईच्या ओटीवर ठेवली.

"आता माझ्याच्याने येणं होणार नाही, नीराबाई. मी दर शुक्रवारी सकाळी फोन करीन. तुम्ही फक्त आकडा सांगायचा."

"आकडा? मी सांगू?" नीराबाई पदर तोंडाला लावून हसली.

"तुम्हीच. पण कुणाला बोलू नका हं. कळलं तर माझी धडगत नाही."

तिचं हसू मावळलं. "बरं पोरा," ती म्हणाली, "सांगन."

आणि तिने शब्द पाळला. अकरा महिन्यांत एक शुक्रवार चुकला नाही. फोन उचलायची, "थांब, आठवू दे" म्हणायची, आणि मग, "सत्तेचालीस." कधी, "बारा." मध्येच विचारायची, "मागला कामाला आला का रं?"

"आला की!"

"मंग बरं. पन जपून रं बाबा. आय-बापाचा इचार कर."

या बाईला आपली किती काळजी, असं सुयशला वाटे आणि तो आकडा वहीत टिपून घेई. शेजारी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिही : मोजणी, सुयश.

आता तेच आकडे पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होत होते. त्यांचा अर्थ लावता लावता त्याने दोन महिने डोकं झिजवलं होतं. उधाणाची भरती, भांगाची भरती, पाण्याचं तापमान, पाण्याचा खारटपणा असं सगळं गणितात बसवलं होतं, आणि बसलंही होतं.

अनुया मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"भरतीशी जोडलेला हा चढउतार इतका स्पष्ट मी कुठे पाहिला नाही," त्या मराठीत म्हणाल्या. "आणि एवढ्या सगळ्या मोजण्या तू एकट्याने केल्यास? आजकालची मुलं चिखलाला पाय लावत नाहीत. शाबास!"

टाळ्या पडल्या. कोळणींनीही वाजवल्या. नीराबाईने तर सगळ्यांत जोरात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण सुयशच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचावन्न वर्षांची बाई आपल्यासाठी चिखलात वाकली, आणि शाबासकी आपण घेतो आहोत. ती वाजवते आहे त्या टाळ्याही आपल्याच. अशी पदवी भिंतीवर लावून रोज बघायची कशी?

"मॅडम," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "मी खोटं बोललो. पहिला महिना सोडला, तर आकडे माझे नाहीत. त्या मागे बसल्या आहेत ना, त्या नीराबाईंनी दिले. मी फोनवर घेत होतो. कुणाला सांगू नका असंही मीच म्हटलं होतं."

दत्तात्रेय सरांची मान खाली गेली. नीराबाईचं नाव ऐकून बाकीच्या कोळणी तिच्याकडे बघू लागल्या.

अनुया मॅडमनी चष्मा काढला. "हा गुन्हाच आहे, सुयश."

"हो, मॅडम."

"पण तू कबूल केलास. पदवी जायची की राहायची ते आपण नंतर बघू. संशोधन मात्र खरं आहे, आणि ते या बाईंचं आहे." त्या सरांकडे वळल्या. "सर, त्यांचं पूर्ण नाव लिहून घ्या. आणि त्यांना पुढे बोलवा."

सुयशच्या छातीवरची धोंड उतरली. पदवी गेली तर गेली. निदान मोजणारीचं नाव तरी लागेल. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

नीराबाई पुढे आली. एक मुलगा धावत जाऊन माइक घेऊन आला, पण ती माइककडे बघेना. तिने मॅडमपुढे दोन्ही हात जोडले.

"घाबरू नका, बाई," मॅडम हसून म्हणाल्या. "आकडे तुम्हीच देत होता ना?"

"व्हय बाई. माजंच चुकलं, पोराला सोडा. शिकलेला पोरगा इतक्या आशेनं मागतोय, न्हाय कसं बोलायचं? म्हनून सपनात जो आकडा दिसंल तो सांगायची. पन एकवीरा आयशपथ, ह्यो मटका खेलतोय म्हनून मी गावात कुनाला बोलले न्हाय."