बंदीचे दोन महिने

"परत फुटलाय." सुमेधा डॉक्टरांनी योगूच्या कानापासून बॅटरी बाजूला केली. "जूनपासून तिसऱ्यांदा."

नेत्राने नुसती मान हलवली. सोळा महिन्यांची योगू रडून दमून तिच्या खांद्यावर पडली होती. पायाशी भरलेली पिशवी होती. इथून निघालं की थेट एसटी स्टँड, आणि तिथून पावस. शुक्रवारी मासेमारीची पावसाळी बंदी उठणार होती. मग नेत्रा रोज पहाटे चारला जेटीवर, मासळीच्या लिलावाच्या घोळक्यात. पण या हंगामात योगू सासूजवळ राहणार नव्हती. पावसला नेत्राच्या आईकडे राहणार होती. कालच तसं ठरलं होतं.

काल नेत्राने सासूला, शकूला, योगूच्या कानात कोमट तेल सोडताना पकडलं. दोनदा बजावलं होतं, तरीही. "माझ्या पोरीला बहिरी करशील, आये!" ती ओरडली आणि पिशवी भरायला बसली. शकूने तेलाची वाटी उचलून ठेवली. आज न विचारताच चपला घालून सोबत आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकली.

"घरात कोणी विडी ओढतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय."

"धुरी?"

"ती कधीच बंद केली."

"कानात तेल?"

"ते आयेला विचारा."

डॉक्टर शकूकडे वळल्या. "आजी, तेल अजिबात नको. फुटलेल्या कानात मी देईन तेवढंच औषध." मग पुन्हा नेत्राकडे बघत म्हणाल्या, "पण ते कान फुटल्यावर घातलं ना? आधी का फुटला ते बघायला हवं. जूनच्या आधी कधी फुटला होता?"

"एकदाही नाय."

"म्हणजे ऐन हंगामात पोर धडधाकट. तेव्हा दूध कोण पाजायचं?"

"आयेच. मी पहाटे जेटीवर, मग दुपारपर्यंत बाजारात पाटी घेऊन. रात्रीपण योगू तिच्याजवळच असायची."

"मांडीवर बसवून पाजायचे," शकू पहिल्यांदा बोलली. "डोकं वर धरून. आडव्या पोराच्या तोंडात दूध देत नाय आमच्यात. कानात उतरतं."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "बरोबर बोलतायत आजी. आडवं पाजलं की घशातलं दूध कानाच्या नळीत जाऊ शकतं. आणि आता बंदीत कोण पाजतं?"

"मी," नेत्रा म्हणाली.

बंदीत ती घरी होती. दुपारी चटईवर आडवी व्हायची, योगूला कुशीत घ्यायची, तिच्या तोंडात बाटली द्यायची. पोरीच्या आधी तिचाच डोळा लागायचा. अख्ख्या वर्षात एवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. उठायची तेव्हा योगू शेजारी झोपलेली असायची आणि बाटली धुऊन मोरीवर पालथी घातलेली. ती कोणी धुतली, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे केली. "औषध पाच दिवस. दूध बसवूनच, आणि हळूहळू बाटली सोडून पेल्याची सवय लावा."

नेत्राने चिठ्ठी घेतली. बाहेर आल्यावर पायरीवरच थांबली. समोरून स्टँडकडे जाणारी रिक्षा आली, हळू झाली. तिने हात केला नाही. रिक्षा निघून गेली.

"आये, तू बघत होतीस?"

"दिसलं की बाटली काढायचे. हळूच." शकूने योगूला आपल्या खांद्यावर घेतलं. "कधी उशीर व्हायचा."

"मग मला उठवलं का नाहीस?"

शकूने पदराच्या टोकाने योगूचा कान टिपला.

"दहा महिन्यांनी झोपली होतीस गो. कशी उठवू?"