चौदावा काटा

व्यापाऱ्याच्या चौदा वजनकाट्यांच्या देखभालीवर काटेवाल्याचं निम्मं वर्ष निघायचं. यंदा व्यापारी हळूच कानाशी लागला. "किलोमागे फक्त वीस ग्रॅम मार. गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

काटेवाल्याने पेचकस पिशवीत टाकला. "गिऱ्हाइकाला नाही कळणार, मालक. पण ज्याला कळतं, तो नाही म्हणतोय."

दुपारपर्यंत चौदाही काटे दुसऱ्या मेकॅनिककडे गेले.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "मग आता सांगा की तुमच्या देवाला, घरभाडं भर म्हणून!"

"सांगितलंय. ऐकायचं की नाही, ते तो बघेल. मी त्याचं ऐकलं, माझं काम झालं."

भाडं काही आभाळातून पडलं नाही. पुढची खोली सोडावी लागली, सगळा संसार मागच्या खोलीत कोंबला गेला, आणि महिनाभर बायको भांडी जरा जोरातच आपटत राहिली. काटेवाला प्रत्येक आवाजाला मान डोलवायचा, पण व्यापाऱ्याच्या दुकानाकडे काही वळला नाही.

मग एका सकाळी व्यापारीच एक काटा काखोटीला मारून दारात हजर. बायकोने लगबगीने खुर्ची पुसली. "बघा, ऐकलं हो तुमच्या देवाने! सगळे काटे परत आले ना?"

व्यापाऱ्याने काटा जपून टेबलावर ठेवला.



"छे हो वहिनी, तेरा तिकडेच राहू देत. ह्याच्यावर मी माल विकत घेतो, आणि तो मेकॅनिक पडला एक नंबरचा लबाड!"